दोरीच्या आतला घसा

समिती यायला थोडाच वेळ उरला होता आणि सासूबाईंचा घसा प्रयोगशाळेतून नाहीसा झाला होता. फुंकर मॅडमनी काल संध्याकाळी तो स्वतःच्या हाताने धुऊन खिडकीशेजारच्या जाळीवर वाळत ठेवला होता. जाळी जागेवर होती, ब्रश जागेवर होता, घशाखाली अंथरलेला टिपकागदही होता. घसा तेवढा नव्हता.

हा सासूबाईंचा खरा घसा नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. खरा घसा सासूबाईंजवळच होता आणि तो खणखणीत चालतो याबद्दल घरात कोणाला शंका नव्हती. हरवली होती त्याची प्रतिकृती. दम्यासाठी ओढून घ्यायचं औषध तोंडातून निघून फुप्फुसात पोचेपर्यंत वाटेत कुठे कुठे सांडतं, हा मॅडमचा संशोधनाचा विषय. दिवसभर त्यांच्या यंत्रातून फुस्स फुस्स आवाज येत असल्यामुळे सगळं विद्यापीठ त्यांना फुंकर मॅडम म्हणत असे. अशा प्रयोगांसाठी एक तयार घसा विकत मिळतो. तो कोणाचाच नसतो, म्हणूनच सगळ्यांचा मानला जातो. सासूबाईंचं मात्र म्हणणं होतं की औषध आपल्या घशातच बसतं, खाली उतरतच नाही. डॉक्टरांनी सांगितलं, ओढायची पद्धत चुकतेय. मुलाने सांगितलं, आईला तक्रार करायची सवयच आहे. सुनेने मात्र सासूबाईंच्या घशाचं स्कॅन करून घेतलं आणि त्यावरून ओठांपासून श्वासनळीपर्यंतची अख्खी वाट पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये जशीच्या तशी तयार करून घेतली. औषध सोडून पाहिलं, तर ते खरोखरच मागच्या वळणावर जाऊन ठिय्या देऊन बसलं.

"मग मी काय सांगत होते?" एवढंच सासूबाई म्हणाल्या, पण त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली.

आज येणारी समिती हे संशोधन पुढे चालू ठेवायचं की प्रयोगशाळेला टाळं लावायचं ते ठरवणार होती. मॅडमनी पाठवलेला अहवाल समितीने वाचला होता आणि तो कोणाच्याही डोक्यात शिरला नव्हता. घसा तो घसा, त्यात काय एवढं, असं एका सदस्याने कळवलंही होतं. म्हणून मॅडमनी ठरवलं होतं की आज बोलायचं कमी आणि दाखवायचं जास्त. तयार घसा आणि सासूबाईंचा घसा शेजारी शेजारी ठेवायचे, दोन्हींत निळी पावडर सोडायची आणि बाजूला व्हायचं. खुद्द सासूबाईंनाही बोलावणं गेलं होतं. आणि आता नेमका घसाच गायब.

मॅडमनी कपाटं उघडली, फ्रीज उघडला, कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मग एकदम त्यांना आठवलं की काल आपल्याला न्यायला नवरा आला होता आणि आपण हात धूत असताना तो जाळीपाशी उभा होता. त्यांनी फोन लावला.

"काल जाळीवरून काही उचललंस का?"

"ते बेसिनच्या पाइपचं वेटोळं ना?" नवरा कुजबुजत म्हणाला. "हो, मीच घेतलं. टाकाऊच होतं ना ते?"

मॅडम दाराकडे वळल्या. "कुठे आहे ते?"

"मुख्य इमारतीत, खालच्या दालनात. पण अगं, आत्ता येऊ नकोस. प्रयोग चालू आहे."

नवरा त्याच विद्यापीठात पर्यटन शिकवत असे आणि त्याला सगळे भटके सर म्हणत. हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, कारण सुट्टीत कुठे जायचा विषय निघाला की सरांची कंबर धरत असे. लोक मात्र इतके कुठे कुठे का जातात, याचं त्यांना मनापासून कुतूहल होतं. बराच काळ विचार करून त्यांनी एक सिद्धांत मांडला होता. बघण्यासारखं असं जगात काही नसतं. भोवती दोरी बांधली की कोणतीही गोष्ट बघण्यासारखी होते. हे सिद्ध करायला त्यांना एक अशी वस्तू हवी होती जिच्यात बघण्यासारखं म्हणून काहीसुद्धा नाही. गावभर शोधूनही ती मिळेना, कारण प्रत्येक वस्तूत कोणाला ना कोणाला काहीतरी दिसायचंच. शेवटी ती त्यांना बायकोच्या प्रयोगशाळेत सापडली.

मॅडम धापा टाकत दालनात पोचल्या तेव्हा तिथे चांगली गर्दी जमली होती. चार खांबांना लाल दोरी बांधलेली, मध्ये उंच तिवई, तिच्यावर काळं कापड, आणि कापडावर सासूबाईंचा घसा, तोही उलटा. शेजारी एक फलक होता आणि तो कोरा होता. लोक दोरीपाशी येत, घशाकडे बघत, फलकाकडे बघत, पुन्हा घशाकडे बघत आणि काहीतरी उमगल्यासारखी मान हलवून पुढे जात. एकजण तर चष्मा पुसून पुन्हा आला.

मॅडम दोरी ओलांडणार तेवढ्यात एका जाड खांबामागून "शुक शुक" ऐकू आलं. हातात थांबणारी माणसं मोजायचं यंत्र घेऊन भटके सर तिथे अंग चोरून उभे होते.

"हात लावू नकोस," ते म्हणाले. "सकाळपासूनची मोजणी वाया जाईल."

"तो आईंचा घसा आहे."

"कोणाच्या आईंचा?"

"तुझ्या."

सरांनी खांबाआडून घशाकडे एकदा नीट पाहिलं. "मला वाटलं बेसिनचा पाइप."

"इतकी वर्षं मी बेसिनवर संशोधन करतेय असं वाटलं तुला?"

खरं सांगायचं तर सरांना काहीच वाटलेलं नव्हतं. बायको काहीतरी फुंकते आणि मोजते, इतपत त्यांना माहिती होती. मॅडमना हे आज नव्याने कळलं नाही, तरी मनाला लागायचं ते लागलंच.

दुसऱ्या कोणाची बायको असती तर तिने वस्तू उचलली असती आणि वर चार शब्द सुनावून ती चालती झाली असती. पण ही संशोधकाची बायको आणि स्वतः संशोधक. दुपारपर्यंत वस्तू बदलली तर प्रयोगच बाद होतो, असं सरांनी सांगितल्याबरोबर तिचा हात आखडला. आपल्या यंत्रातला घसा मध्येच कोणी उचलला असता तर आपण काय केलं असतं, हे तिला चांगलं माहीत होतं. शेवटी दोघांचं ठरलं की आणखी अर्धा तास मोजणी चालू द्यायची आणि मग घसा घेऊन जायचा. समितीला यायला तेवढा अवकाश होता. मॅडम खांबामागे नवऱ्याशेजारी उभ्या राहिल्या. विद्वान माणसं अशीच बुडतात.

कारण समिती वेळेच्या आधीच आली.

पुढे कुलसचिव, मागे समिती आणि समितीच्या मधोमध अध्यक्षबाई. कुलसचिव सज्जन गृहस्थ होते, पण त्यांच्यात एक खोड होती. कोणत्याही प्रश्नाला "माहीत नाही" हे उत्तर त्यांनी नोकरीत लागल्यापासून एकदाही दिलेलं नव्हतं आणि निवृत्तीपर्यंत द्यायचं नाही असा त्यांचा निश्चय असावा. समिती दोरीपाशी थबकली. अध्यक्षबाईंनी घशाकडे पाहिलं, कोऱ्या फलकाकडे पाहिलं आणि विचारलं, "हे काय आहे?"

कुलसचिवांनी पापणीसुद्धा हलवली नाही. मागच्या इमारतीचा पाया खणताना ही वस्तू सापडली, जुन्या काळातल्या पाणीपुरवठ्याची ही नळी आहे, आणि फलकावरचा मजकूर तज्ज्ञ अजून तपासताहेत, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. नेमके तेव्हा इतिहासाचे सर तिथून चालले होते. कुलसचिवांनी त्यांना दंडाला धरून पुढे ओढलं. "हो ना सर?"

इतिहासाच्या सरांचा रजेचा अर्ज कुलसचिवांच्या टेबलावर सहीसाठी पडून होता. त्यांनी वस्तू निरखली, प्लॅस्टिक ओळखलं आणि हळूच म्हणाले, "काळ नक्की सांगणं घाईचं होईल. पण जुनी आहे."

खांबामागे भटके सर हरखून गेले. दोरी बांधली की लोक थांबतात इथपर्यंतच त्यांची मजल गेली होती. दोरी बांधली की इतिहासही तयार होतो, हे त्यांना नवीन होतं. मॅडमना मात्र थोड्या वेळाने हीच वस्तू याच समितीसमोर यंत्राला जोडायची होती. ही सासूबाईंचा घसा आहे म्हणून सांगितलं तर कुलसचिव तोंडघशी पडणार, आणि मुदतवाढीच्या कागदावर शेवटची सही कुलसचिवांची. सांगितलं नाही तर दाखवायला काही उरतच नाही.

त्यांनी कुलसचिवांना बाजूला घेऊन खरा प्रकार कानात सांगितला. कुलसचिवांच्या कपाळावर घाम आला, पण चेहऱ्यावरचं हसू त्यांनी ढळू दिलं नाही.

"तुमच्याकडे दुसरा घसा असेल ना?"

"तयार घसा आहे. पण त्यातून औषध सरळ खाली जातं."

"मग चांगलंच आहे की. जाऊ दे की खाली. समितीला बरंच वाटेल."

"औषध जातच नाही हे तर दाखवायचंय, साहेब."

कुलसचिवांनी मॅडमकडे दयेने पाहिलं. मुदतवाढ मागायला येऊन आपलं औषध जात नाही असं सांगणारी व्यक्ती त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. जरा सबुरीने घ्या, समिती एकदा गेली की नळी तुमचीच, असं सांगून ते परत दोरीपाशी गेले आणि इतक्या जुन्या काळातली असूनही या नळीला कुठे तडा नाही, हे समितीला दाखवू लागले.

एवढ्यात सासूबाई आल्या. सुनेने समितीसमोर यायला सांगितलं म्हणून ठेवणीतले कपडे घालून, केस नीट बसवून त्या आल्या होत्या. गर्दी दिसल्यावर आपलाच कार्यक्रम असणार असं धरून त्या सरळ पुढे घुसल्या. म्हातारं माणूस म्हणून लोकांनी वाट दिली. दोरीपाशी उभं राहून त्यांनी कुलसचिवांचं बोलणं शांतपणे ऐकलं. मान डावीकडे कलती करून पाहिलं, उजवीकडे कलती करून पाहिलं.

"उलटा ठेवलाय," त्या म्हणाल्या.

कुलसचिव थांबले. "काय म्हणालात?"

"उलटा ठेवलाय म्हणते. ओठांची बाजू वर पाहिजे. माझा घसा आहे हा."

अध्यक्षबाईंनी सासूबाईंकडे पाहिलं, मग घशाकडे पाहिलं. "तुमचा?"

"माझाच. आणि जुन्या काळातला कोण म्हणालं?"

इतिहासाच्या सरांना तेवढ्यात ग्रंथालयात काहीतरी काम निघालं. कुलसचिवांनी मात्र माघार घेतली नाही. ते हलकंसं हसले आणि आजूबाजूच्यांना म्हणाले की वय झालं की असं होतं, कोणीतरी या आजींना खुर्ची द्या आणि पाणी द्या.

इथे मात्र मॅडमचं डोकं फिरलं. आधी डॉक्टरांनी, मग मुलाने आणि आता कुलसचिवांनी. घसा या बाईंचा, बसतंय ते औषध या बाईंच्या घशात, आणि चूक काय ती फक्त यांचीच. मुदतवाढ, सही, प्रयोगशाळेचं टाळं, सगळं विसरून त्या गर्दीतून पुढे आल्या.

"आई बरोबर सांगताहेत," त्या म्हणाल्या. "हा त्यांचाच घसा आहे. मी बनवलाय. हेच तुम्हाला दाखवायला मी आज बोलावलं होतं."

कुलसचिव काही बोलायला गेले, पण अध्यक्षबाईंनी हाताने त्यांना थांबवलं. "दाखवा मग."

"वर प्रयोगशाळेत चला."

"वर कशाला? इथेच दाखवा. हे सगळे लोकही थांबलेत."

वरून चाकांच्या टेबलावर पंप आला, तयार घसा आला, निळ्या पावडरीची डबी आली. मॅडम दोरी ओलांडून आत गेल्या आणि त्यांनी आधी घसा सुलटा केला. सासूबाईही कोणी बोलावलं नसताना दोरीखालून वाकून आत गेल्या आणि घशाशेजारी उभ्या राहिल्या. दोन्ही एकच आहेत की नाही याची खात्री करून घ्या म्हणून त्यांनी समितीसमोर आ केला. अध्यक्षबाईंनी मोबाइलचा दिवा लावून आत डोकावलं, प्रतिकृतीत डोकावलं आणि मागचं वळण तसंच आहे असं जाहीर केलं.

पंप सुरू झाला. आधी तयार घसा. फुस्स झालं आणि खालचा पांढरा कागद निळा झाला. समितीने समाधानाने मान डोलावली. मग सासूबाईंचा घसा. तीच डबी, तोच पंप, तेवढीच फुंकर. पावडर ओठांतून आत शिरली, जिभेवरून धावली आणि मागच्या वळणावर जाऊन आपटली. पारदर्शक प्लॅस्टिकवर निळा डाग डोळ्यांसमोर पसरत गेला. खालचा कागद मात्र बहुतेक पांढराच राहिला.

मग दोरीबाहेर उभ्या असलेल्या एका गृहस्थांचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. त्यांचं बघून शेजारच्या बाईंचा गेला. हळूहळू अख्खं दालन आपापला गळा चाचपू लागलं. माझंही असंच असेल का, असं एकाने विचारलं. उंच माणसाचा घसा निराळा असतो का, असं दुसऱ्याने विचारलं. समितीतल्या ज्या सदस्याने घसा तो घसा असं कळवलं होतं, त्याने बाजूला वळून शेजाऱ्याला आपला घसा तपासायला सांगितलं. मॅडम एकेकाला उत्तर देत होत्या. त्यांच्या विषयात इतक्या लोकांना इतका रस कधी वाटला नव्हता.

"पण पावडर डावीकडेच का बसली?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. "वळण तर दोन्हीकडे आहे."

मॅडमनी वर पाहिलं. दोरीला पोट टेकवून, टाचा उंचावून, मोजायचं यंत्र कुठेतरी ठेवून आलेले भटके सर उभे होते. खांबामागून बाहेर यायचं नाही, बोलायचं नाही, वस्तूच्या जवळ जायचं नाही, हे त्यांचेच नियम. तिन्ही त्यांनी मोडले होते आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांचं सगळं लक्ष त्या निळ्या डागाकडे होतं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "मलाही तेच कळत नाहीये. त्यासाठीच तर मुदत मागतेय."

कुलसचिवांनी डोळे मिटून घेतले. हे दोन शब्द आपल्या इमारतीत, तेही समितीसमोर उच्चारले जातील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. अध्यक्षबाई मात्र डागाकडे वाकून बघत राहिल्या. त्यांनी बाजू बदलून पाहिलं. सासूबाईंना पुन्हा एकदा आ करायला लावला. मग सरळ होऊन कुलसचिवांना म्हणाल्या, "सकाळपासून या इमारतीत प्रत्येकाला सगळं माहीत आहे. एकीला नाहीये, तिला वेळ द्या. आणि डावीकडेच का ते कळलं की मला आधी कळवा."

कुलसचिवांनी तिथल्या तिथे सही केली. विद्यापीठाच्या आवारात अशा मौल्यवान गोष्टी सापडत असतात, असंही ते म्हणाले. सासूबाईंनी त्यांना क्षमा केली, पण खुर्ची मागून घेतली आणि तिच्यावर बसून उरलेल्या लोकांना स्वतःच्या घशाची हकिकत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

समिती चहाला गेली. पंप आवरता आवरता मॅडमना दिसलं की नवरा अजून तिथेच आहे आणि त्याचा चेहरा पडलेला आहे.

"काय झालं?"

"माझा सिद्धांत गेला," सर म्हणाले. "ही दोरी मीच बांधली. फलक मीच कोरा ठेवला. आत बघण्यासारखं काही नाही हे मला सगळ्यांत आधी माहीत होतं. तरी मी मोजणी सोडून बघायला आलो. म्हणजे वस्तूत काहीतरी असतंच."

मॅडमना त्याची दया आली आणि त्याहून जास्त आनंद झाला. लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा या माणसाने त्यांच्या कामाबद्दल प्रश्न विचारला होता, आणि तो नेमका हवा तो प्रश्न होता. नळ्या गुंडाळणं थांबवून त्या त्याच्याजवळ गेल्या.

"एक सांग मला. वर्षभर हा घसा माझ्या टेबलावर आहे. रोज संध्याकाळी तू मला न्यायला येतोस, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसतोस. एकदा तर तू त्याच्यावर छत्री टांगली होतीस. तेव्हा एकदाही विचारावंसं वाटलं नाही, की हे काय आहे म्हणून?"

सरांनी प्रामाणिकपणे विचार केला. कपाळाला आठ्या घालून त्यांनी गेलं सगळं वर्ष आठवून पाहिलं. मग हळूहळू आठ्या गेल्या आणि त्यांचा चेहरा उजळत गेला.

"तेव्हा दोरी कुठे होती?" ते म्हणाले, आणि मोजणीचं यंत्र शोधायला लगबगीने खांबाकडे वळले.